दोहाची मध्यरात्र: ६८ निघाल्या, ४० पोचल्या

"मॅडम, उन्हात पळायचं नाही हे समजलं. मग रात्री पळालं तर चालेल ना?"

एप्रिल लागला की हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुंबई-ठाण्याकडच्या हौशी धावपटूंबरोबर काम करते आणि शर्यतींच्या दिवशी मेडिकल टेंटमध्ये असते. प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा कामावरून उशिरा सुटणारा, जेवणाआधी रात्री नऊ-दहाला बूट बांधणारा असतो. त्याला मी दोहाची गोष्ट सांगते. तीच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण उकाड्यात शरीराचं नेमकं काय होतं हे इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी शर्यत मला माहीत नाही. आणि ती रात्रीच झाली होती.

तारीख २७ सप्टेंबर २०१९. कतारची राजधानी दोहा, जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेचा पहिला दिवस, महिलांची मॅरेथॉन. समुद्राला लागून जाणाऱ्या कॉर्निश नावाच्या रस्त्यावर दिव्यांच्या झगझगीत उजेडात रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी ६८ जणी सुटल्या. सात किलोमीटरची फेरी, अशा सहा फेऱ्या. सुरुवातीला हवेचं तापमान ३२.७ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ७३.३ टक्के होती. अडीच तासांहून थोड्या जास्त वेळानं पहिली धावपटू रेषा ओलांडून गेली. शेवटची पोचली तेव्हा मोजदाद झाली: ४० जणींनी शर्यत पूर्ण केली, २८ जणी वाटेत थांबल्या.

या २८ जणी हौशी नव्हत्या. आपापल्या देशानं निवडलेल्या, आठवड्याला दीडशे-दोनशे किलोमीटर पळणाऱ्या बायका होत्या. इथिओपियासारख्या मॅरेथॉनच्या माहेरातून आलेल्या तिघींपैकी एकही शेवटपर्यंत पोचली नाही. आपल्या देशात अशा हवेत आम्ही मॅरेथॉन घेतलीच नसती, असं त्यांच्या प्रशिक्षकांनी नंतर सांगितलं.

मध्यरात्र का निवडली

ही स्पर्धा दोहाला द्यायचं २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ठरलं. युजीन आणि बार्सिलोना ही दुसरी दोन शहरं स्पर्धेत होती. एरवी ऑगस्टच्या आसपास होणारी ही स्पर्धा आखातातल्या उन्हाळ्यामुळे सप्टेंबरच्या शेवटावर ढकलली गेली. तरी तिथे त्या दिवसांत दुपारी पारा अडतीस-चाळीसपर्यंत जातोच. खलिफा स्टेडियममध्ये वातानुकूलन बसवलं होतं, मैदानावर पंचविशीच्या आसपासचं तापमान राखता येत होतं. रस्ता काही थंड करता येत नाही. म्हणून मॅरेथॉन आणि चालण्याच्या शर्यती रात्री उशिरा ठेवल्या. हेतू सरळ होता: ऊन टाळायचं.

ऊन टळलं. पण त्या रात्री घात उन्हानं होणार नव्हताच.

आखाताचं पाणी त्या महिन्यात तिशीच्या वर असतं. असा कोमट समुद्र शेजारी, वारा जवळजवळ पडलेला, आणि सूर्य मावळल्यावर हवा चार-पाच अंश उतरलेली. हवेतली वाफ तेवढीच राहते, हवा थंड झाल्यानं तिची ओलावा धरून ठेवायची क्षमता कमी होते, म्हणून सापेक्ष आर्द्रता वर जाते. मुंबईत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ऑक्टोबरमध्ये रात्री अकराला गच्चीवर बसलं तरी सदरा पाठीला चिकटलेला असतो. दुपारपेक्षा पारा खाली असतो, पण जिवाला आराम नसतो.

नागपूर-अकोल्याला मे महिन्यात बेचाळीस अंशांत घरोघरी कूलर चालतो आणि खोली खरोखर थंड होते. तोच कूलर मुंबईत लावला तर खोली फक्त ओली होते. माठाचंही तसंच. कारण कूलर, माठ आणि माणसाचं अंग या तिन्हींचं थंड होण्याचं तंत्र एकच आहे. पाणी उडून जायला हवं. नुसतं गळून उपयोग नाही.

आकडेमोड

हा भाग मी टेंटमधल्या स्वयंसेवकांना कागदावर करून दाखवते, म्हणून इथेही करते. ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे.

पन्नास किलो वजनाची धावपटू एक किलोमीटर पळायला साधारण पन्नास किलोकॅलरी खर्च करते. दोहाच्या विजेतीचा वेग किलोमीटरला ३ मिनिटं ३७ सेकंद होता. म्हणजे मिनिटाला जवळपास चौदा किलोकॅलरी. स्नायूंचं इंजिन फारसं काटकसरी नसतं, यातला साधारण चार-पंचमांश भाग उष्णता म्हणून अंगातच पडतो. मिनिटाला अकरा किलोकॅलरी झाले. पन्नास किलोच्या शरीराचं तापमान एक अंशानं वाढायला चाळीस-बेचाळीस किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर टाकायची सोय नसेल, तर दर चार मिनिटांना अंग एका अंशानं तापेल. सदतीसवरून सुरुवात केली तर पंधरा मिनिटांत ताप चाळीसच्या पलीकडे.

असं होत नाही ते घामामुळे. एक लिटर घाम पूर्ण उडून गेला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. संपूर्ण मॅरेथॉनची उष्णता घालवायला तीन लिटरच्या आसपास घाम उडाला पाहिजे. उडाला हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण हनुवटीवरून थेंब थेंब रस्त्यावर पडलेला घाम काहीच थंड करत नाही. तो फक्त रक्तातलं पाणी कमी करतो.

घाम किती वेगानं उडेल हे कातडीवरच्या आणि हवेतल्या बाष्पदाबाच्या, म्हणजे वाफेच्या दाबाच्या, फरकावर ठरतं. ओल्या, पस्तीस अंशांच्या कातडीवर तो साधारण ४२ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. दोहात त्या रात्री हवेचा बाष्पदाब २७ च्या आसपास येतो. फरक १५. आता नागपूरची मे महिन्यातली दुपार घ्या: ४२ अंश, वीस टक्के आर्द्रता. तिथे हवेचा बाष्पदाब १२ च्या घरात, म्हणजे फरक ३०. घाम उडायची ओढ दुप्पट. नागपूरला दुपारी मॅरेथॉन धावा असं मी म्हणत नाही, तिथे हवाच अंगापेक्षा गरम असते आणि वर ऊन असतं. पण थर्मामीटरवरचा आकडा पाहून "दहा अंशांनी कमी आहे, म्हणजे सोपं आहे" असं मानणं किती चुकीचं आहे ते यातून कळतं.

म्हणूनच खेळाच्या वैद्यकात नुसता पारा बघत नाहीत. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान, उन्हाचा ताप पकडणाऱ्या काळ्या गोळ्यातलं तापमान आणि साधं तापमान यांचा मिळून एक आकडा काढतात. त्याला वेट बल्ब ग्लोब तापमान म्हणतात. त्यात ओल्या थर्मामीटरला सत्तर टक्के वजन असतं. सगळा भर ओलाव्यावर. दोहाच्या त्या रात्रीचा माझा हिशेब तिशीच्या जवळ येतो, आणि तोही आकाशात सूर्य नसताना. सामान्य लोकांच्या शर्यतीत हा आकडा २८ च्या पुढे गेला की अनेक ठिकाणी शर्यत थांबवायचा किंवा रद्द करायचा विचार सुरू होतो.

अंगात काय चाललं होतं

अशा हवेत रक्ताला दोन मालक असतात. पायाच्या स्नायूंना प्राणवायू पाहिजे, म्हणून तिकडे रक्त हवं. कातडीला उष्णता बाहेर टाकायची असते, म्हणून तिकडेही हवं. त्यात घामावाटे पाणी जात असल्यानं एकूण रक्त कमी होत जातं. हृदय दर ठोक्याला कमी रक्त ढकलू शकतं आणि भरपाई म्हणून ठोके वाढवतं. वेग तोच, पण नाडी दर दहा मिनिटांना थोडी थोडी चढत जाते. मनगटावरचं घड्याळ लावून मुंबईत एप्रिलमध्ये पळणाऱ्या कुणीही हे पाहिलं असेल. आपण म्हणतो "आज दम नव्हता". दम असतो, तो अंग थंड करण्यात खर्च झालेला असतो.

या ओढाताणीत सगळ्यात आधी पोटाचा वाटा कापला जातो. आतड्याकडचा रक्तपुरवठा इतका घटतो की मळमळ, उलटी, कळा सुरू होतात. प्यालेलं पाणी पोटात डुचमळत राहतं, रक्तात शिरत नाही. आतड्याचं अस्तर कमकुवत झालं तर जिवाणूंची विषद्रव्यं रक्तात झिरपतात आणि ताप आणखी वाढतो. "भरपूर पाणी प्या" एवढ्यानं भागत नाही, त्याचं कारण हे आहे. उलट साधं पाणी गरजेपेक्षा जास्त ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि तोही जिवावरचा प्रसंग असतो.

स्नायू उकाड्यात ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, जास्त वेगानं जाळतात, म्हणजे साठा लवकर संपतो. आणि मेंदू? मेंदूला हे सगळं कळत असतं. अंग तापत चाललं की तो स्नायूंना दिला जाणारा जोर स्वतःहून कमी करतो. धावपटूला वाटतं आपण मनानं हरलो. खरं तर तो शरीराचा पहारेकरी असतो. धोका तेव्हा, जेव्हा पदक, देश, कंत्राट यांच्या ओढीनं माणूस या पहारेकऱ्याला बाजूला सारतो. गाभ्याचं, म्हणजे शरीराच्या आतलं, तापमान चाळीसच्या पुढे आणि त्याबरोबर भ्रम, बडबड, तोल जाणं, बेशुद्धी असं दिसलं की तो श्रमजन्य उष्माघात. तिथून पुढे मिनिटं मोजायची असतात.

शर्यत

केनियाची रुथ चेपन्गेटिच जिंकली. २ तास ३२ मिनिटं ४३ सेकंद. जागतिक स्पर्धेच्या इतिहासातली महिला मॅरेथॉन विजेतीची ही सर्वांत संथ वेळ. त्याच वर्षी जानेवारीत दुबईला ती २:१७:०८ मध्ये धावली होती. तब्बल साडेपंधरा मिनिटांचा फरक, किलोमीटरला बावीस सेकंद. (२०२५ मध्ये प्रतिबंधित औषधाच्या प्रकरणात तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली. दोहाचं सुवर्ण त्या कारवाईत गेलेलं नाही, पण तिचं नाव घेताना हे सांगायला हवं.) बहरीनची रोझ चेलिमो दुसरी, २:३३:४६. नामिबियाची एकोणचाळीस वर्षांची हेलालिया योहानेस तिसरी, २:३४:१५.

मला या निकालात जास्त बोलकी वाटते ती सहावी जागा. अमेरिकेची रोबर्टा ग्रोनर, वय ४१, तीन मुलांची आई, पूर्ण वेळ नोकरी करणारी परिचारिका. तिची वेळ २:३८:४४. तिची तोवरची सर्वोत्तम वेळ २:२९:०९ होती. म्हणजे ती स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा सहा-साडेसहा टक्क्यांनी मागे राहिली, तर योहानेस आठ टक्क्यांहून थोडी जास्त आणि चेपन्गेटिच अकरा टक्क्यांहून जास्त. नववी आली तीही एकेचाळीस वर्षांचीच, कॅनडाची लिंडसे टेसियर, पेशानं शिक्षिका. वाटेत कुणी कोसळलेलं दिसलं की पुढच्या अर्ध्या किलोमीटरवर आपलीही तीच गत होऊ शकते अशी भीती वाटायची, असं तिनं नंतर सांगितलं.

कागदावर या दोघींपेक्षा कितीतरी वेगवान बायका त्या रात्री व्हीलचेअरवरून नेल्या गेल्या. माझं वाचन असं: उष्णता वेगाच्या प्रमाणात तयार होते, आणि त्या हवेत बाहेर पडू शकणाऱ्या उष्णतेला मात्र एक ठरलेली कमाल मर्यादा होती. ज्यांनी आपला वेग त्या मर्यादेच्या आत ठेवला त्या पोचल्या. ज्यांनी सुरुवातीला सवयीच्या वेगानं घड्याळ धरलं त्यांचा हिशेब दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच बिघडला. जागतिक स्पर्धेत डावपेचांमुळेही वेळा संथ येतात, त्यामुळे सगळा फरक हवेच्या नावावर टाकता येणार नाही. आणि आपल्याकडच्या हजारो लोकांच्या मॅरेथॉनमध्ये उलटं चित्र दिसतं. तिथे मागचे धावपटू चार-पाच तास उकाड्यात राहतात, म्हणून जास्त सोसतात. पण इथे सगळ्याच अव्वल होत्या, आणि त्यांच्यात निवड झाली ती वेगापेक्षा संयमाची.

पाचवी आलेली बेलारूसची व्होल्हा माझुरोनाक शर्यत संपवून संतापलेली होती. मोठ्या अधिकाऱ्यांनी इथे स्पर्धा घ्यायचं ठरवलं, ते आता थंड जागी बसलेत, बहुधा झोपलेही असतील, हा खेळाडूंचा अनादर आहे, असं ती बोलली. तिचा राग मला पूर्ण पटतो. हवा अचानक बिघडली नव्हती. सप्टेंबरअखेरचं दोहा असंच असतं हे २०१४ मध्येही माहीत होतं.

आयोजकांची बाजूही मांडते. रस्त्यावर डॉक्टर, गाड्या, बर्फाच्या पाण्याचे टब यांची तयारी चांगली होती. तीसेक जणींना वैद्यकीय केंद्रात तपासलं गेलं, त्यातली एक रुग्णालयात निरीक्षणाखाली राहून परतली. उष्माघाताची एकही नोंद नाही असं आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघानं जाहीर केलं, आणि टोकियो १९९१ व मॉस्को २०१३ च्या जागतिक स्पर्धांमध्येही पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण असंच कमी होतं याकडे लक्ष वेधलं. यातला पहिला मुद्दा खरा आणि मोलाचा आहे. दुसऱ्याचं मला आश्चर्य वाटतं: तीन वेळा तेच घडलं असेल तर ते वेळापत्रक बदलायचं कारण व्हायला हवं.

त्या २८ जणींबद्दल एक गोष्ट आवर्जून लिहायची आहे. आपल्याकडे 'डीएनएफ' (डिड नॉट फिनिश, शर्यत अपुरी) म्हटलं की मान खाली जाते. दोहात एकीचाही जीव गेला नाही, त्यात वैद्यकीय पथकाइतकाच या थांबलेल्या बायकांचा वाटा आहे. त्यांनी पहारेकऱ्याचं ऐकलं.

तेच शहर, वेगळी हवा

दोहानं आपल्याला तुलनेसाठी आणखी तीन गोष्टी दिल्या.

पहिली, पुरुषांची मॅरेथॉन. तोच कॉर्निश, तीच मध्यरात्र, फक्त आठवड्यानंतर, ५ ऑक्टोबरला. तापमान २९ अंश, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास. पारा फक्त तीन-चार अंश उतरला होता, पण घाम उडायची ओढ माझ्या हिशेबानं जवळपास पावणेदोन पट झाली होती. ७३ पैकी ५५ जण पोचले. इथिओपियाचा लेलिसा देसिसा २:१०:४० मध्ये जिंकला. आपला टी. गोपी २:१५:५७ मध्ये एकविसावा आला, त्याच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा जेमतेम सव्वादोन मिनिटांनी मागे. चौथा आला स्कॉटलंडचा कॅलम हॉकिन्स. दीड वर्षापूर्वी गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोन मिनिटांच्या आघाडीवर असताना, शेवटचे दोनेक किलोमीटर उरले असताना, उन्हात झिंगत कोसळलेला हाच तो धावपटू.

दुसरी तुलना आपल्या मातीतली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे याच स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, धावला, पण थंड केलेल्या स्टेडियमच्या आत. १ ऑक्टोबरच्या प्राथमिक फेरीत ८:२५.२३ आणि ४ ऑक्टोबरच्या अंतिम फेरीत ८:२१.३७. चार दिवसांत दोन राष्ट्रीय विक्रम आणि ऑलिंपिकची पात्रता. अंतर वेगळं, शर्यत वेगळी, हे खरंच. पण एकाच शहरात, एकाच आठवड्यात, भिंतीच्या आत खेळाडू विक्रम करत होते आणि भिंतीच्या बाहेर शर्यत पूर्ण करणं हेच यश होतं.

तिसरी, पन्नास किलोमीटर चालण्याची शर्यत, महिला मॅरेथॉननंतर चोवीस तासांनी. जपानचा युसुके सुझुकी जिंकला, ४:०४:२० मध्ये. शेवटच्या टप्प्यात तो पाण्याच्या टेबलाशी अक्षरशः रमतगमत जाऊन पीत होता. तेव्हा पाहणाऱ्यांना तो संपला असं वाटलं. तो अंग निववत होता, आणि आघाडी टिकवून जिंकला. पण किंमत मोठी होती. त्यानंतर बराच काळ त्याची तब्येत पूर्वपदावर आली नाही आणि २०२१ च्या, त्याच्याच देशातल्या ऑलिंपिकमधून त्यानं माघार घेतली.

दोहात संशोधकांनी बऱ्याच खेळाडूंना तापमान मोजणारी छोटी गोळी गिळायला दिली होती. ती पोटातून गाभ्याचं तापमान बाहेर कळवते. काहींचं तापमान चाळीसच्या वर गेलेलं दिसलं, आणि त्यातले कित्येक व्यवस्थित शर्यत पूर्ण करून गेले. म्हणजे एकटा आकडा निकाल देत नाही. उलट, शर्यतीआधीच्या दिवसांत सर्दी-ताप-जुलाब असं काही होऊन गेलेल्यांना वाटेत थांबायची किंवा वैद्यकीय मदत लागायची शक्यता जास्त होती. ही गोष्ट मी माझ्या प्रत्येक धावपटूला सांगते. ताप येऊन गेलाय, अँटिबायोटिक परवा संपलं, आणि बिब (छातीवर लावायचा क्रमांक) घेतलाय म्हणून पळायचंच? नाही.

तयारी आणि टब

उकाड्याची सवय लागते, हे या सगळ्यातलं सर्वांत आशादायक सत्य आहे. रोज तास-दीड तास अंग तापेल अशा हवेत सराव केला तर दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलतं. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि कमी खारट होतो, त्याच वेगाला नाडी खाली येते. थंड देशातले खेळाडू सरावानंतर गरम पाण्याच्या टबमध्ये बसूनही यातलं बरंचसं साधतात. सराव सोडला की काही आठवड्यांत हे उतरतं. शर्यतीआधी बर्फाचं जॅकेट, मानेवर गार टॉवेल, बर्फाचा चुरा घातलेलं पेय, यानं सुरुवातीचं तापमान थोडं खाली ठेवता येतं. पण दमट हवेत ही मदत पहिल्या काही किलोमीटरपुरती. नंतर उपाय एकच, वेग कमी.

आणि तरीही कुणी कोसळलंच तर? काही वर्षांपूर्वी मुंबईच्या उपनगरातल्या एका अर्धमॅरेथॉनच्या टेंटमध्ये मी होते. फेब्रुवारीअखेर, सकाळचे साडेआठ, हवा ओली. पंचविशीतला एक मुलगा दोघांच्या खांद्यावर आला. मित्रांना शिव्या देत होता, स्वतःचं नाव विचारलं तर बिब नंबर सांगत होता, तोही चुकीचा. कुणीतरी काखेत थर्मामीटर लावला, ३८.१. "ताप फारसा नाही, इलेक्ट्रॉल द्या, ॲम्ब्युलन्स बोलवा," असा सगळीकडून गलका. काखेचा आकडा अशा वेळी फसवतो. घामानं कातडी गार लागते आणि गाभा पेटलेला असतो. खरा आकडा गुदमार्गातूनच मिळतो, आणि आमच्याकडे तसा थर्मामीटर नव्हता. टबही नव्हता. पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट ज्या बर्फात ठेवले होते, तो बर्फ आम्ही चादरीवर ओतला, त्याला त्यात झोपवला, टॉवेल भिजवून भिजवून अंगभर फिरवत राहिलो. ॲम्ब्युलन्स आली होती, ड्रायव्हर घाई करत होता, मी पंधरा मिनिटं हलू दिलं नाही. बाराव्या-तेराव्या मिनिटाला तो थरथरला, डोळे उघडले आणि म्हणाला, "माझा चष्मा कुठाय?" त्या प्रश्नानं मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

आधी थंड करायचं, मग रुग्णालयात न्यायचं. हा क्रम मी शोधलेला नाही. अमेरिकेतल्या फालमथच्या रस्ता शर्यतीत अठरा वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण जागच्या जागी बर्फाच्या पाण्यात बुडवून उपचारले गेले, आणि सगळे वाचले. अर्ध्या तासाच्या आत अंग निवलं तर शरीर सावरतं. तोच अर्धा तास रहदारीत गेला तर यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांची हानी सुरू होते. म्हणून कुठल्याही आयोजकाला मी आता पहिल्या फोनवरच विचारते: टब किती, बर्फ किती, आणि ते शेवटच्या रेषेपासून किती पावलांवर?

रात्री पळू का विचारणाऱ्याला माझं उत्तर असं असतं. पळ, पण घड्याळावरचा पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, झाकून. घाम उडतोय की नुसता गळतोय ते बघ. गळत असेल तर किलोमीटरला वीस-तीस सेकंद सोडून दे, कारण विजेत्यांनीही बावीस सोडले होते. सोबत कुणीतरी असू दे. तुझी बडबड सुरू झाली तर ती तुला कळणार नाही, त्याला कळेल.

दोहाचा पुढचा परिणाम तीन आठवड्यांच्या आत दिसला. ऑक्टोबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन आणि चालण्याच्या शर्यती आठशे किलोमीटर उत्तरेला, साप्पोरोला हलवल्या. ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं. ७ ऑगस्ट २०२१ ला साप्पोरोतही उकाडा होता. आदल्या रात्री, कित्येक धावपटू झोपायच्या तयारीत असताना, महिलांची शर्यत सातऐवजी सहाला सुटेल असं कळवण्यात आलं. ८८ जणी निघाल्या, ७३ पोचल्या. केनियाची पेरेस जेपचिरचिर २:२७:२० मध्ये जिंकली. दोहाची विजेती चेपन्गेटिच या शर्यतीतही होती. ती वाटेतच थांबली.